हिवरे बाजारचा पोरगा फायरमन झाला, तर पहिल्या महिन्यात त्याचं नाव कशाने होईल?

एप्रिल उजाडला की हिवरे बाजारच्या आजूबाजूच्या डोंगरांवर गवत वाळून पिवळं पडतं. नगर तालुक्यातलं हे गाव चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीसाठी देशभर ओळखलं जातं. जनावरं डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, चारा विळ्याने कापून आणायचा, झाडाला हात लावायचा नाही. म्हणूनच तिथे गवतही राहिलं आणि झाडंही. पण याची एक दुसरी बाजू आहे. उघड्याबोडक्या डोंगराला वणव्याची भीती नसते, कारण तिथे जळायला काही नसतंच. भीती असते ती हिरव्या झालेल्या डोंगराला.

गावाची लोकसंख्या तेराशेच्या आसपास. एवढ्याशा गावात अग्निशमन केंद्र नसतं. बंब यायचा तो नगर शहरातून, म्हणजे साधारण १७ किलोमीटरवरून. फोन लागला, गाडी निघाली, रस्ता मोकळा मिळाला, असं सगळं जमून आलं तरी अर्धा तास सहज जातो.

आता समजा, याच गावातल्या एका पोराने फायरमन व्हायचं ठरवलं. शिक्षण झालं, मुंबईत सांताक्रूझला राज्य अग्निशमन प्रशिक्षण केंद्र आहे तिथला सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स केला, धावणं-दोर चढणं सगळं पार पडलं आणि एखाद्या महापालिकेच्या अग्निशमन दलात त्याचं नाव लागलं. पहिल्या दिवशी तो केंद्रावर हजर झाला की पाळीवरची जुनी मंडळी त्याला निरखत असतात. कुणी बोलून दाखवत नाही, पण प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो. उद्या धुरात हा माझ्या मागे असेल, तर मी निर्धास्त राहू शकतो का?

पहिली छाप म्हणजे या प्रश्नाचं उत्तर. आणि गंमत अशी, की त्याचं उत्तर आगीच्या कितीतरी आधी मिळून जातं.

भरतीत जे मोजतात आणि केंद्रावर जे मोजतात

मुंबई अग्निशमन दलात २०२३ मध्ये ९१० जागांची भरती झाली, तेव्हा दहिसरच्या मैदानावर उसळलेली गर्दी बातम्यांमध्ये बऱ्याच जणांनी पाहिली असेल. १९ फुटांवरून जंपिंग शीटमध्ये उडी मारायची, ५० किलोचा मानवी पुतळा खांद्यावर घेऊन पळायचं, असे तिथले प्रकार. यात पोराचं अंग किती तयार आहे आणि उंचीला तो घाबरतो का, हे कळतं. ते कळायलाच हवं. पण आगीहून परत आल्यावर रात्री तीन वाजता हा ओला होज गुंडाळायला थांबतो का, हे कुठल्याच मैदानावर कळत नाही.

होज म्हणजे बंबाचा पाण्याचा पाइप. आगीवर वापरला जातो तो साधारण ६३ मिलिमीटर व्यासाचा, आणि पाणी भरलं की एकट्याला सहज न हलणारा. आग विझली की लोकांसाठी गोष्ट संपते, केंद्रावर मात्र तिथून काम सुरू होतं. होज धुवायचे, त्यात अडकलेली काच आणि माती काढायची, टांगून वाळवायचे, कपलिंग तपासायचं, नीट गुंडाळून गाडीत जागच्या जागी ठेवायचे. कपलिंग म्हणजे दोन होज एकमेकांना जोडणारा धातूचा भाग. तो जमिनीवर आपटून थोडा जरी वाकडा झाला तरी पुढच्या आगीत दोन होज जुळत नाहीत. तिथे चौथ्या मजल्यावर ब्रँच धरून पाण्याची वाट बघणाऱ्याला हे कळत नाही, की खाली कुणीतरी परवा कपलिंग फरशीवर टाकलं होतं.

म्हणून नवा माणूस होज कसा ठेवतो, हे जुने लोक बारकाईने बघतात. न सांगता ठेवतो का, आणि खराब झालेला होज गुपचूप रांगेत सरकवतो की हातात घेऊन साहेबांना दाखवतो, हेही बघतात. यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आपल्या हातून काहीतरी मोडलं हे पहिल्या आठवड्यात सांगायला मोठी हिंमत लागते. ती ज्याच्यात दिसते, त्याला लोक लवकर आपल्यात घेतात.

गाडीचंही तसंच. प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला बंबावरचं सामान मोजलं जातं. कुठल्या कप्प्यात काय आहे, हे अंधारात हात घालून सांगता आलं पाहिजे. नवा फायरमन मोबाईल बाजूला ठेवून स्वतःच कप्पे उघडतो, बंद करतो, पुन्हा उघडतो, असं एखाद्या चालकाने पाहिलं तर संध्याकाळपर्यंत ते सगळ्या केंद्राला माहीत झालेलं असतं. अग्निशमन केंद्रात बातमी पसरायला वर्दीपेक्षा कमी वेळ लागतो. (वर्दी म्हणजे आग लागल्याचा फोन. नव्या माणसाला शिकावा लागणारा हा पहिला शब्द.)

२००२ साली नागपुरात काय झालं?

नवेपणाचं ओझं सगळ्यांत जास्त कुणी उचललं असेल, तर हर्षिनी कान्हेकर यांनी. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५६ साली सुरू झालेलं. तिथे २००२ पर्यंत एकही मुलगी शिकली नव्हती. नागपूरच्याच असलेल्या, एनसीसीत घडलेल्या कान्हेकरांनी त्या वर्षी प्रवेश घेतला आणि त्या कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थिनी ठरल्या.

नव्या माणसाची चूक ही साधारणपणे त्याची एकट्याची चूक असते. इथे तसं नव्हतं. त्या उशिरा आल्या असत्या, तर ‘मुली उशिरा येतात’ असं झालं असतं. पाण्याने भरलेला होज हातातून सुटला असता, तर ‘मुलींना जमत नाही’ असं झालं असतं. याची जाणीव ठेवून त्या वेळेवर हजर राहिल्या, ड्रिल चुकवलं नाही, जड सामान उचलायचा सराव वाढवला. ऐकायला हे फार साधं वाटतं. सिनेमा काढायचा म्हटलं तर यात एकही शिट्टीचा प्रसंग नाही. पण कोर्स पूर्ण करून त्या २००६ मध्ये ओएनजीसीच्या अग्निशमन सेवेत दाखल झाल्या आणि देशातल्या पहिल्या महिला फायर इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे मुंबईसह अनेक शहरांच्या दलांत मुली भरती होऊ लागल्या.

नव्याने आलेल्यांनी कान्हेकरांकडून घेण्यासारखी गोष्ट बहुतेक हीच, की छाप पाडायला वेगळं काही करावं लागत नाही. रोजचं जे आहे ते रोज करावं लागतं.

धुरात शिरताना शौर्य नको, हिशोब हवा

नव्या फायरमनची खरी परीक्षा कुठे होते, तर श्वसन यंत्राच्या वापरात. दलात त्याला बीए सेट म्हणतात. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. बाहेरच्या माणसाला वाटतं, हा घातला की आता काय, कितीही वेळ आत फिरा. पण गणित करून बघा. ६.८ लिटरचा सिलिंडर ३०० बार दाबाने भरला तर त्यात साधारण दोन हजार लिटर हवा मावते. मेहनतीचं काम करणारा माणूस मिनिटाला ४० लिटर हवा घेतो असं धरलं, तर कागदावर ५० मिनिटं मिळतात. प्रत्यक्षात घाबरलेला, जिने चढणारा, माणूस ओढून आणणारा फायरमन त्याहून कितीतरी जास्त हवा खातो. त्यातून परतीसाठी हवा राखून ठेवायची असते. हवा कमी झाली की सेटची शिट्टी वाजते, पण शिट्टी वाजल्यावर निघायचं ठरवलं तर उशीर झालेला असू शकतो. शिट्टी वाजेल तेव्हा आपण दाराबाहेर असलं पाहिजे, असा हिशोब ठेवावा लागतो.

आत जाताना नावाचा बिल्ला दारावरच्या माणसाकडे द्यायचा, तो वेळ आणि सिलिंडरमधला दाब लिहून घेतो. बाहेर आलं की बिल्ला परत घ्यायचा. नवा पोरगा बाहेर येऊन दमून गाडीमागे पाणी पीत बसला आणि बिल्ला घ्यायला विसरला, तर दारावरच्या नोंदीनुसार तो अजून आतच आहे. मग त्याला शोधायला दोघं जण पुन्हा धुरात जाणार. जी व्यक्ती आत नाहीच, तिच्यासाठी. हे घडलं तर त्याच्या नावाला लागलेला डाग पुढे कितीही उड्या मारून निघत नाही.

‘मी पुढे जातो’ म्हणत धावणाऱ्या नव्या माणसाचं बाहेरच्यांना कौतुक वाटतं. केंद्रावर त्याची काळजी वाटते. सोबत्याला सोडून पुढे गेलेला फायरमन म्हणजे वाचवायच्या यादीत वाढलेलं आणखी एक नाव. याउलट ‘साहेब, हा सेट मी नीट शिकलेलो नाही, एकदा दाखवा’ असं जो वर्दी यायच्या आधी म्हणतो, त्याला थोडा वेळ चिडवतात. नंतर दाखवतात, आणि लक्षात ठेवतात.

आणि नव्यांना मागे ठेवण्यामागे जुन्यांचा अहंकार असतो, असं कुणाला वाटत असेल तर काळबादेवी आठवावं. ९ मे २०१५ रोजी मुंबईत काळबादेवीच्या गोकुळ निवास इमारतीला आग लागली. त्यात दलाने चार अधिकारी गमावले. संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. भाजलेले उपप्रमुख अधिकारी सुधीर अमीन आणि प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांचा पुढच्या काही दिवसांत उपचारादरम्यान मृत्यू झाला. म्हणजे दलाचा प्रमुखच आगीच्या तोंडाशी उभा होता. दरवर्षी १४ एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तोही मुंबईमुळेच. १९४४ साली त्या दिवशी व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर कापसाच्या गासड्या पेटल्या. त्याच जहाजात स्फोटकं भरलेली होती. आग विझवायला गेलेले ६६ जवान स्फोटात गेले. नव्या भरतीतली पोरं त्या दिवशी मानवंदनेला उभी राहतात, तेव्हा आपला हुकूम पाळण्याचा आग्रह कुठून आलाय, ते त्यांना सांगावं लागत नाही.

गावच्या वर्दीत गावचाच पोरगा

शहरातल्या केंद्रावर शेताकडची वर्दी आली, की आपल्या हिवरे बाजारच्या पोराला बोलायची संधी मिळते. इथे तो नवा असूनही त्याला काही गोष्टी इतरांपेक्षा जास्त कळतात.

पहिली गोष्ट पाण्याची. शहरातल्या बंबात साधारण साडेचार हजार लिटर पाणी असतं. ऐकायला खूप वाटतं, पण दोन ब्रँच पूर्ण उघडल्या तर काही मिनिटांत टाकी खाली. मग पुढचं पाणी कुठून? शेतात हायड्रंट नसतो, विहीर असते. आणि इथे एक भौतिकशास्त्राची अडचण आहे. बंबाचा पंप वर उभा राहून पाणी ओढतो तेव्हा ते पाणी खरं तर हवेच्या दाबाने वर ढकललं जातं. कागदावर ही मर्यादा दहा मीटरची, व्यवहारात सातेक मीटर. विहिरीतलं पाणी त्याहून खोल गेलं असेल तर काठावर लाखांचा पंप असूनही तो नुसता घरघरत राहतो. उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात किती विहिरींना सात मीटरच्या आत पाणी असतं?

हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडायची पद्धत आहे. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती, त्यावर कुठली पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. पाऊस सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास, त्यामुळे ऊस आणि केळी नाही, शेतीसाठी बोअरवेल नाही. अशा गावात वाढलेल्या पोराला कुठल्या विहिरीला किती पाणी आहे, हे विचारायची सवय असते. गाडी निघतानाच त्याने फोनवरच्या शेतकऱ्याला ‘दादा, जवळच्या विहिरीला पाणी किती खोल आहे? मोटर चालू आहे का? शेततळं आहे का?’ एवढं विचारून ठेवलं, तर सोबतच्या चालकाला आणि साहेबांना तो नवा वाटणार नाही. शेतकऱ्याची विहिरीतली मोटर पाणी वर काढून बंबाची टाकी भरू शकते. पण आगीमुळे लाइन बंद केली असेल तर मोटरही बंद. म्हणून महावितरणला कुठली लाइन बंद करायला सांगायची, हेही आधी ठरवावं लागतं.

दुसरी गोष्ट कडब्याच्या गंजीची. शहरात वाढलेला नवा फायरमन गंजीवर बाहेरून पाणी मारतो, ज्वाळा बसतात, तो होज गुंडाळायला लागतो. गावाकडच्याला माहीत असतं, की गंज आतून धुमसत राहते आणि पहाटे पुन्हा पेटते. ती फोडावी लागते, पसरावी लागते, जमलं तर जेसीबीने. शेतकऱ्याचा वर्षाचा चारा असतो तो. त्यातला न जळलेला भाग आधी बाजूला काढून दिला, तर त्या घराला आयुष्यभर आठवण राहते. बंबावरच्या जवानाचं नाव त्यांना कधीच कळत नाही, पण ‘त्या पोराने अर्धी गंज वाचवली’ एवढं गाव बोलत राहतं.

डोंगरावरच्या वणव्यात मात्र गावच्या पोरालाही थोडं विसरून थोडं नव्याने शिकावं लागतं. हिरव्या फांद्यांनी गवताची आग झोडपायची हे गावाला माहीत असतं. पण आग चढणीवर सपाटीपेक्षा वेगाने पळते, म्हणून तिच्या वरच्या अंगाला उभं राहायचं नाही. वारा कुठून आहे ते आधी बघायचं, जळून काळ्या झालेल्या भागाकडून जायचं, कारण तिथे पुन्हा जळायला काही उरलेलं नसतं. अंगात नायलॉनचा शर्ट नको, तो वितळून कातडीला चिकटतो. उन्हाळ्याआधी गवताचे पट्टे साफ करून वनविभाग जाळरेषा काढतो. ती कुठून गेलीय हे वनरक्षकाला विचारायचं.

आणि विहीर. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत कुणी पडलं की वरून उडी टाकायची ऊर्मी येते. गावातला धीट पोरगा म्हणून हा आधी उडी मारत असेलही. आता गणवेशात असताना त्याने थांबायचं असतं. अशा विहिरीत तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही. बीए सेट आणि दोर बांधल्याशिवाय उतरायचं नाही. काठावर जमलेले लोक ‘अरे उतर ना, कशाला आलाय मग’ म्हणून ओरडत असतात, त्यात त्याच्या ओळखीचेही असतात. तरी सेट बांधून होईपर्यंत तो थांबला, हे त्याचे साहेब कधी विसरत नाहीत.

हे गाव नव्या माणसाला आधीपासून ओळखतं

हिवरे बाजारलाही एकदा असाच एक नवा माणूस मिळाला होता. १९७२ च्या दुष्काळानंतर गावातून लोक कामाला बाहेर पडत होते. गावात दारूच्या भट्ट्या आणि भांडणं होती. इथे बदली म्हणजे शिक्षा, असं सरकारी कर्मचारी म्हणायचे. १९८९ मध्ये शिकलेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार सरपंच झाले. भाषण ठोकून गाव बदलत नाही हे त्यांना कळलं असावं. सुरुवातीच्या कामांमध्ये शाळा होती. मुलांना बसायला नीट जागा व्हावी म्हणून गावाने श्रमदान केलं. काम डोळ्यांना दिसलं, त्यानंतर डोंगरावर चर खणायला, झाडं लावायला आणि शेवटी नशाबंदी-चराईबंदीसारखे कडू नियम मान्य करायला लोक तयार झाले. १९९० च्या दशकात गाव आदर्श गाव योजनेत आलं. २०२० मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाला.

श्रमदानात वाढलेल्या पोराला घमेलं उचलायला कोण सांगतंय याची वाट बघायची सवय नसते. अग्निशमन केंद्रात पहाटे चहा कोण ठेवतो, होज धुवायला कोण आधी उठतो, यावरून त्याच्याबद्दल मत बनतं. याचा अर्थ नव्या माणसाला राबवून घ्यायचं असा नाही. काही ठिकाणी तसं होतंही, आणि ते चूकच आहे. पण जिथे जुना तांडेलही हातात फडकं घेऊन बंब पुसतो, तिथे नव्याने खुर्चीत बसून राहणं उठून दिसतं.

रीलचा मोह

आजच्या नव्या फायरमनपुढे मागच्या पिढीला नसलेला एक मोह आहे. खिशात मोबाईल, अंगावर गणवेश, मागे ज्वाळा. रील टाकली तर रात्रीत लाख व्ह्यूज. पण ज्याचं घर जळतंय तो फ्रेममध्ये असतो. त्याची बायको, उघडं पडलेलं कपाट, जळालेली दप्तरं, हे सगळं त्याला न विचारता जगासमोर जातं. ६ नोव्हेंबर २०२१ ला नगरच्या जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण गेले. त्या दिवशी बाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांना आपला माणूस कसा आहे, हे कुणाच्या तरी मोबाईलवरच्या व्हिडिओतून कळणं किती वाईट झालं असतं, याचा विचार करून बघावा.

वर्दीवर मोबाईल गाडीतच ठेवणारा नवा माणूस जुन्यांच्या लगेच डोळ्यांत भरतो. फोटो काढायचेच असतील तर तपासासाठी काढायचे, तेही साहेबांनी सांगितल्यावर.

आपला पोरगा सुट्टीला गावी आला की ग्रामसभेत त्याच्याकडून करून घेण्यासारखं एक काम मात्र नक्की आहे. उन्हाळ्यात कुठल्या विहिरीचं पाणी किती खोल जातं, बंब कुठल्या वाटेने काठापर्यंत पोहोचतो, कुठल्या वळणावर तो वळत नाही आणि कुठली तार वाटेवर खाली आलीय, हे त्याने गावाला बरोबर घेऊन कागदावर लिहून काढायचं. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक नगरच्या अग्निशमन केंद्रात. बाजूला १०१ आणि ११२ हे दोन नंबर, आणि मोटर चालू करून देणाऱ्या शेतकऱ्यांचे फोन.